डोजोबाहेर सेन्सेई भेटले, तर वाकावे का?

एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. ते 41 वर्षांचे आहेत. मुलाला डोजोत, म्हणजे कराटेच्या क्लासला, सोडता सोडता, बाकावर बसून मोबाइल बघण्यापेक्षा आपणही रांगेत उभे राहावे असे त्यांना वाटले आणि आठ महिन्यांत ते यलो बेल्टपर्यंत पोहोचले. त्यांचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, 26 वर्षांचे आहेत. एका रविवारी सकाळी गोकुळपेठेच्या बाजारात सेन्सेई आईसोबत भाजी घेताना दिसले, तेव्हा यांनी सवयीने दोन्ही हात मांड्यांना चिकटवले, कमरेतून वाकले आणि क्लासमधल्या अभिवादनाप्रमाणे मोठ्याने ‘ओस’ म्हटले. भाजीवाल्याने मान वर करून पाहिले, सेन्सेईंच्या आई दचकल्या, आणि सेन्सेई लाजून म्हणाले, ‘अहो दादा, इथे नको.’ तेव्हापासून गृहस्थ संकोचात आहेत. वाकणे चुकले, की न वाकणे चुकले असते? बाहेर त्यांना सेन्सेई म्हणावे, सर म्हणावे की नावाने हाक मारावी? वयाने लहान असले तरी गुरुपौर्णिमेला त्यांच्या पाया पडावे का? आणि एकत्र चहा घेतला तर पैसे कोणी द्यावेत?

मी नागपुरात 28 वर्षे कराटे शिकवते आहे. दक्षिण नागपुरातल्या एका शाळेचे सभागृह संध्याकाळी भाड्याने घेऊन आमचा क्लास चालतो. हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी मला विचारतोच, बहुधा अशाच एखाद्या फजितीनंतर. एका ओळीत उत्तर हवे असेल तर ते देता येईल: बाहेर नमस्कार करा, वाकू नका. पण तेवढ्याने तुमचा संकोच जाणार नाही, कारण सेन्सेई तुमच्या वाकण्याला लाजले असे मला वाटत नाही. आपल्याहून 15 वर्षांनी मोठा माणूस आपल्या आईदेखत आपल्यापुढे वाकला, याला ते लाजले. त्यांच्या जागी मी त्या वयात असते, तर मीही वांग्यांच्या ढिगाकडे बघत राहिले असते.

हे उत्तर सगळ्यांना सारखे लागू होणार नाही, हे आधीच सांगते. कराटेच्याच क्योकुशिन पद्धतीच्या क्लबमध्ये ‘ओस’ हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो आणि तिथली मुले तो फोनवरही म्हणतात. ज्युदोत तो क्वचितच ऐकू येतो. तायक्वांदोत संबोधने कोरियन असतात. आणि हल्लीच्या मिश्र मार्शल आर्टच्या जिममध्ये प्रशिक्षकाच्या मुठीला मूठ टेकवली की आदर व्यक्त झाला असे मानतात. त्यात पुन्हा शिक्षकाचा स्वभाव, विद्यार्थ्याचे वय, सोबत कोण आहे, भेट कुठे झाली, या सगळ्यांचा हिशेब असतोच. मी लिहिते आहे ते मुख्यतः शोतोकान पद्धतीच्या आणि शाळेच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये चालणाऱ्या क्लासच्या अनुभवावरून. तुमच्या क्लबने बाहेरच्या वागण्याचा काही नियम घालून दिला असेल, तर आधी तो पाळा आणि मग माझ्याशी वाद घाला.

मला हा प्रश्न सर्वांत आधी भाषेचा वाटतो. डोजोत आज्ञा जपानीत असतात. ‘हाजिमे’ म्हटले की सुरू करायचे, ‘यामे’ म्हटले की थांबायचे, ‘मावात्ते’ म्हटले की वळायचे. आपण ही परंपरा म्हणून सांभाळतो, पण मराठी माणसांच्या क्लासमध्ये तिचा एक फायदा असा होतो, की जो जपानी माणसाच्या कदाचित ध्यानातही येणार नाही. मराठीत कोणालाही काही करायला सांगायचे झाले, की पहिल्याच क्रियापदात ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागते. ‘वळ’ म्हणावे तर मोठ्याचा अपमान होतो, ‘वळा’ म्हणावे तर रांगेतल्या आठ वर्षांच्या मुलाला हसू येते, आणि ‘वळायचं’ असे मधले रूप काढून तासभर निभावणे कठीण असते. ‘मावात्ते’ने हा सगळा प्रश्नच मिटतो. 26 वर्षांच्या मुलाने 41 वर्षांच्या माणसाला ‘यामे’ म्हटले तर कोणाचाही मान जात नाही, कारण त्या शब्दाला आपल्या कानात वय नाही, नाते नाही आणि घराणेही नाही. बाजारात ही सोय संपते. तिथे मराठी परत येते आणि मराठीबरोबर वयही परत येते. सेन्सेईंच्या तोंडून ‘अहो दादा’ निघाले ते यामुळेच, आणि त्या दोन शब्दांत तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जागच्या जागी देऊन टाकले आहे. बाहेर ते तुम्हाला दादा मानतात.

आता वाकण्याकडे येऊ. डोजोतल्या बऱ्याचशा रीती कामाच्या असतात, हे नव्या विद्यार्थ्याला कोणी नीट सांगत नाही. त्याला वाटते, हा सगळा आदराचा सोहळा आहे. कुमितेपूर्वी, म्हणजे जोडीच्या लढतीपूर्वी, दोघे एकमेकांना वाकतात, तेव्हा दोघेही क्षणभर थांबतात, समोरच्याकडे पाहतात आणि आपण तयार असल्याचे कळवतात. नंतर कोणी ‘माझे लक्ष नव्हते’ असे म्हणू शकत नाही. उशिरा आलेल्याने कडेला गुडघे टेकून बसावे आणि बोलावल्यावरच आत यावे, कारण सराव रंगात असताना मधून धावणाऱ्याच्या जबड्यावर कोणाची तरी लाथ बसते. खाली बसताना डावा गुडघा आधी टेकायचा आणि उठताना उजवा पाय आधी उचलायचा, ही रीत डाव्या कमरेला तलवार असण्याच्या काळातली सांगतात. आमच्या कमरेला तलवार नाही, पण 40 मुले एकाच क्रमाने बसली की दाटीतही कोणाचे गुडघे कोणाच्या नाकाला लागत नाहीत. म्हणजे धोक्याच्या जागी धोका आटोक्यात ठेवण्यासाठी ही वाकण्या-थांबण्याची शिस्त आहे आणि आदर तिच्यात मुरलेला आहे. गोकुळपेठेत तुमचे सेन्सेई तुम्हाला ठोसा मारणार नव्हते. तिथे त्या वाकण्याला करण्यासारखे काम नव्हते, म्हणून ते सगळ्यांना विचित्र दिसले.

यावर काही जण म्हणतात, की जपानमध्ये तर रस्त्यावरही वाकतात. खरे आहे. पण तिथे शेजारी शेजाऱ्याला वाकतो, दुकानदार गिऱ्हाइकाला वाकतो. ओळखीच्या माणसाला जाता जाता मान आणि खांदे साधारण 15 अंश झुकवायचे, वरिष्ठांना किंवा पाहुण्यांना 30 अंश, आणि फार मोठी क्षमा मागायची किंवा आभार मानायचे असतील तर 45 अंश, असे त्याचे ढोबळ माप शिकवतात. म्हणजे जपानी विद्यार्थी रस्त्यावर आपल्या शिक्षकाला हलकेच वाकतो तेव्हा तो कराटेची रीत पाळत नसतो. तो त्या देशाचा राम राम करत असतो. त्याच न्यायाने वागायचे, तर नागपुरात आपण आपला नमस्कार करायला हवा. राहिला ‘ओस’. सर्वसाधारण जपानी व्यवहारात हा शब्द रांगडा समजला जातो, खेळाच्या क्लबांतल्या तरुण मुलांच्या तोंडचा. मोठ्या माणसाला बाजारात तो ऐकवणे तिथेही शिष्टाचारात बसणार नाही, आणि कराटेचे माहेर असलेल्या ओकिनावातल्या अनेक जुन्या डोजोंमध्ये तो आतसुद्धा वापरत नाहीत. तेव्हा हा शब्द तुम्ही सभागृहाच्या दारातच, चपलांजवळ ठेवून या.

या विषयावर बोलताना गिचिन फुनाकोशींचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. ओकिनावात 1868 मध्ये जन्मलेला, पेशाने शाळामास्तर असलेला हा माणूस 1922 मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेला आणि तिथेच राहून शिकवू लागला. शोतोकानची सगळी मंडळी आपली वंशावळ त्यांच्यापर्यंत नेतात. त्यांच्या वीस सूत्रांपैकी पहिले असे, की कराटे रेईने सुरू होते आणि रेईने संपते. आठवे असे, की कराटे फक्त डोजोतच असते असे समजू नये. आमच्यातले काही कडक शिक्षक ही दोन सूत्रे एकत्र जोडून सांगतात, की पाहा, रेई म्हणजे वाकणे आणि कराटे तर सगळीकडे, तेव्हा विद्यार्थ्याने सगळीकडे वाकले पाहिजे. मला हा अर्थ पटत नाही. ‘रेई’ या शब्दात वाकणे येते तसे सौजन्यही येते. वाकणे हे त्याचे एक रूप आहे. आणि डोजोबाहेर न्यायचे ते काय, तर हात आवरणे, जीभ आवरणे, आजूबाजूला काय चालले आहे याचे भान ठेवणे. बेल्टच्या उतरंडीबद्दल तर बोलायलाच नको, कारण ती उतरंड ज्युदोकडून घेतलेली आहे आणि फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते 1924 मध्ये. शंभर वर्षांपूर्वी आलेल्या त्या कापडी पट्टीला बाजारात मोठ्या वयाच्या माणसाच्या वर बसवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

भान नसलेले वाकणे कसे अंगाशी येते, याचा एक मासला सांगते. शंकरनगर चौकात सिग्नलला मी स्कूटरवर थांबले होते. शेजारी माझा एक विद्यार्थी मोटरसायकलवर, मागे त्याचा मित्र. मला पाहताच त्याने दोन्ही हात हँडलवरून काढले आणि बसल्या बसल्या कमरेतून वाकला. मोटरसायकल कलली, मागचा मित्र एका पायावर नाचला, आणि दोघांचे आणि मोटरसायकलचे मिळून वजन एका रिक्षावाल्याच्या पत्र्यावर गेले. रिक्षावाला जे बोलला त्यात आदराचा अंश नव्हता. त्या दिवसापासून आमच्या क्लासमध्ये नियम आहे, की वाहनावर असताना सेन्सेई दिसल्या तर रस्त्याकडे बघायचे.

पण माझी स्वतःची चूक याहून मोठी होती आणि या बाबतीत मी आज जे काही मानते ते तिच्यातून आलेले आहे. क्लास सुरू करून तीन-चार वर्षे झाली होती आणि बेल्टचा रंग थोडासा माझ्या डोक्यात शिरला होता. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर माझी एक 16 वर्षांची विद्यार्थिनी समोरून आली. तिने माझ्याकडे पाहिले, मला ओळखले, आणि मान वळवून एका कापडाच्या दुकानात शिरली. मला राग आला. पुढच्या क्लासला सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून मी शिस्त या विषयावर दहा मिनिटे बोलले. नाव कोणाचे घेतले नाही, पण बघत मी तिच्याकडेच होते. क्लास सुटल्यावर ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, सोबत आजोबा होते. त्यांना शिवणक्लास सांगितलाय. आईला माहीत आहे.’ 

मी त्या दिवशी रस्त्यावर तिला हाक मारली असती, तर तिचे कराटे तिथल्या तिथे संपले असते. हा प्रसंग माझ्या हातून घडला नाही तो केवळ ती माझ्यापेक्षा चपळ निघाली म्हणून. पुढच्या क्लासला मी आधीचे बोलणे सगळ्यांसमोर मागे घेतले. कारण अर्थातच सांगितले नाही. तेव्हापासून माझी स्वतःपुरती रीत अशी आहे: विद्यार्थी एकटा दिसला तर मी हसते, पण सोबत अनोळखी माणसे असतील तर मी आधी ओळख दाखवत नाही, त्याच्या नजरेची वाट पाहते. त्याने पाहिले, हात जोडले, तर माझा नमस्कार तयार असतो. त्याने पाहिले नाही, तर मी संत्र्यांचा भाव विचारायला लागते आणि पुढच्या क्लासमध्ये त्याचा उल्लेखही करत नाही.

हेच तुमच्या बाजूने लावून बघा. शिक्षकालाही डोजोबाहेर एक आयुष्य असते आणि त्यात तुम्ही नेहमी सोयीच्या क्षणी येता असे नाही. ते आईसोबत असतील, होणाऱ्या बायकोसोबत असतील, रुग्णालयाच्या बाहेर औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उभे असतील. आपल्याकडे बरेच शिक्षक फक्त क्लासच्या फीवर घर चालवत नाहीत; दिवसा कुठे तरी नोकरी करतात, आणि तिथला साहेब त्यांना ओरडत असताना तुम्ही काउंटरसमोर उभे असू शकता. अशा वेळी दुरूनच नजर भेटते का ते पाहावे. भेटली तर हात जोडावेत. थांबायचे की पुढे जायचे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळते. भेटली नाही, तर न पाहिल्यासारखे करून निघून जाणे हीसुद्धा शिष्टाचारातलीच एक गोष्ट आहे, आणि एखाद्या शनिवारी रात्री ते बिअर बारच्या पायऱ्या उतरताना दिसले तर ती विशेष आठवणीने पाळावी.

आमच्या घरी हे सगळे कराटेच्या आधीपासून होते, हे मला फार उशिरा उमगले. माझे एक काका तरुणपणी नागपूरच्या महाल भागातल्या एका आखाड्यात जात. मातीत उतरण्यापूर्वी माती कपाळाला लावायची, उस्तादांच्या पायाला हात लावायचा, हे सगळे आखाड्याच्या आत. बाहेर पानठेल्यावर उस्ताद दिसले की ‘राम राम उस्ताद’ एवढेच. फक्त काकांची बिडी असलेला हात पाठीमागे जाई. उस्तादांना ती बिडी दिसत असे आणि काकांनाही माहीत असे की ती दिसली आहे, पण त्यावर दोघेही काही बोलत नसत. बाहेरचा आदर किती असावा, असे मला कोणी विचारले की त्या हाताएवढा, असे मी सांगते.

संबोधनाचे म्हणाल, तर ‘सेन्सेई’ हा शब्द बाहेर वापरायला काहीच हरकत नाही. जपानमध्ये तो शाळेतल्या शिक्षकांना, डॉक्टरांना, वकिलांनाही लावतात आणि तो वर्गाच्या भिंतींत अडकलेला नाही. फक्त सहसा कोणी स्वतःच स्वतःला सेन्सेई म्हणत नाही, एवढे आमच्यातल्या काही व्हिजिटिंग कार्डवाल्यांनी ध्यानात घ्यावे. तरीही चारचौघांत, विशेषतः त्यांच्या घरच्यांसमोर, ‘सर’ अधिक सहज जाते, कारण तो शब्द ऐकून कोणी वळून बघत नाही. मला विद्यार्थी मॅडम म्हणतात, ताई म्हणतात, लहान मुले ‘सेन्सेई मॅडम’ असे दुहेरी काम करतात, आणि यातल्या कशानेही माझे काही बिघडलेले नाही. नावाने हाक मात्र त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय मारू नका, आणि सांगितले तरी मुलासमोर मारू नका. उलट बाजूने सांगायचे, तर माझ्या मते मोठ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने डोजोतही ‘तुम्ही’च म्हणावे. तुमचे सेन्सेई आत तुम्हाला ‘तू’ म्हणत असतील तर ते मनाला लावून घेऊ नका, पण ते मला पसंत नाही.

नमस्काराचे रूप कोणते हे मी कोणाला शिकवत नाही. माझे काही विद्यार्थी मला बाहेर ‘जय भीम’ म्हणतात, काही ‘राम राम’, काही ‘सलाम’, हिंदी बोलणाऱ्या घरातली मुले ‘नमस्ते’; मी ज्याला त्याला त्याच्याच शब्दात उत्तर देते. ज्याच्या घरात जो शब्द प्रेमाने म्हटला जातो, तोच मला पावतो.

पाया पडण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण इथे दोन रीती एकमेकींना छेदतात. घरात पाया पडणे वयाप्रमाणे चालते, गुरूच्या बाबतीत ते स्थानाप्रमाणे चालते, आणि तुमच्या बाबतीत वय एका बाजूला आहे नि स्थान दुसऱ्या. वारकऱ्यांनी ही अडचण केव्हाच सोडवली आहे. तिथे लहानमोठे सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यामुळे कोणी लहान ठरत नाही. डोजोतली रेईसुद्धा मुळात अशीच दोन्ही बाजूंची आहे: विद्यार्थी शिक्षकाला वाकतात तेव्हा शिक्षकही विद्यार्थ्यांना वाकतो, आणि जो वाकत नाही तो चुकतो. म्हणून मी म्हणेन, की गुरुपौर्णिमेला वाकायचे असेल तर ते डोजोत, रांगेत, सगळ्यांबरोबर वाकणे पुरेसे आहे. तुमच्याहून 15 वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलाच्या पायाला घरी किंवा रस्त्यात हात लावलात, तर तो मागे सरकेल आणि दोघांचीही पंचाईत होईल. तुमच्या मुलाने पाया पडले तर ते योग्यच दिसेल. त्याच्यावर जबरदस्ती मात्र करू नका.

त्यापेक्षा दसरा सोपा आहे. आपल्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन घरोघरी सोने द्यायला जायची रीत अजून टिकून आहे, आणि तिच्यात देणारा-घेणारा दोघेही हसत असतात. माझ्या घरी त्या संध्याकाळी जुने विद्यार्थी येतात, काही तर स्वतःची मुले घेऊन येतात. मी कोणाच्या हातावर चिवडा ठेवते, कोणाच्या खांद्यावर थोपटते, आणि कराटेचा विषय कोणी काढला तर तो बदलते. बाहेर गुरू-शिष्यांनी भेटण्याची याहून चांगली तऱ्हा मला ठाऊक नाही. फोन करून, वेळ विचारून जा.

पैशांचे थोडक्यात सांगते. तर्री पोह्याच्या ठेल्यावर एकत्र उभे राहिलात, तर वयाने मोठे असलेल्याने पैसे दिले तरी चालतात. एकदा त्यांनी देण्याचा हट्ट धरला तर देऊ द्या. मोठ्या भेटवस्तू देऊ नका, विशेषतः बेल्ट परीक्षेच्या आधीच्या महिन्यात. आणि थकलेल्या फीचा विषय, तो तुमचा असो की दुसऱ्याचा, लग्नाच्या पंगतीत काढू नका. मी एका बँकेत खात्याच्या कामाला गेले असताना माझ्याच एका विद्यार्थ्याने मला रांगेतून बाहेर काढून आत बसवायचा प्रयत्न केला. मी परत रांगेत जाऊन उभी राहिले, कारण माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंचा माझ्या ब्लॅक बेल्टशी काहीच संबंध नव्हता.

सर्वांत त्रासदायक प्रकार मात्र वेगळाच आहे. ‘सर, माझ्या या मित्राला एक किक दाखवा ना.’ लग्नात, वाढदिवसाला, फुटाळ्याच्या काठावर, कुठेही. शिक्षकाने नाही म्हटले तर तो गर्विष्ठ ठरतो आणि हो म्हटले तर तमासगीर. मित्र अर्धवट थट्टेने पुढे येतो, एखादा हात चुकून लागतो, आणि मग दोन कुटुंबे महिनाभर बोलत नाहीत. हे मी पाहिले आहे. तंत्राविषयीची शंकाही शक्यतो क्लासमध्येच विचारावी. मावाशी गेरीत, म्हणजे गोल फिरवून मारायच्या लाथेत, कंबर किती वळवावी, हे टोमॅटोच्या टोपल्यांमध्ये उभे राहून समजावता येत नाही. अंबाझरीच्या फेरीत सकाळी दोघेही ट्रॅकसूटमध्ये भेटलात आणि त्यांनीच विषय काढला, तर गोष्ट वेगळी. स्पर्धेच्या ठिकाणी, मानकापूरच्या क्रीडा संकुलात वगैरे, कराटेचा ड्रेस अंगावर असेल तर तिथे डोजोचेच नियम चालतात, मग आजूबाजूला कितीही प्रेक्षक असोत. ड्रेस उतरला, बेल्ट घडी घालून पिशवीत गेला, की बाहेरचे नियम सुरू होतात.

तुमचा मुलगाही त्याच क्लासमध्ये आहे म्हणून एक गोष्ट घाईने पण स्पष्ट सांगते. शिक्षकाचा मुलाशी डोजोबाहेरचा संपर्क पालकांच्या माहितीनेच असावा. फोनवरचे निरोप तुमच्याकडे यावेत, मुलाकडे नाही. वेगळे, एकट्याला बोलावणे असू नये. आणि कुठलाही शिक्षक बाहेरही वाकण्याचा आग्रह धरत असेल, स्वतःची घरची कामे विद्यार्थ्यांकडून करून घेत असेल, किंवा न वाकलेल्याला क्लासमध्ये जादा पुश-अप्स देत असेल, तर त्याला परंपरेचे नाव देऊ नका आणि दुसरा क्लास शोधा. तुमच्या सेन्सेईंबद्दल मला अशी शंका बिलकूल नाही. जो मुलगा ‘अहो दादा, इथे नको’ म्हणतो, त्याला आपली जागा कळते.

आता तुम्ही काय करावे? फार माफी मागू नका, त्याने त्यांचा संकोच वाढेल. पुढच्या क्लासला रांग लागण्यापूर्वी किंवा सगळे गेल्यावर, मुलगा चपला शोधत असताना, सरळ विचारा: ‘सेन्सेई, बाहेर भेटलो तर तुम्हाला काय बरे वाटेल?’ बहुतेक तरुण शिक्षकांना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेला नसतो, आणि ते ‘काहीही चालेल’ असे उत्तर देतात. ते ऐकून घ्या, पण त्यावर विसंबू नका. नमस्कार करा, सर म्हणा. मुलगा सोबत असेल तर तोही तुमचे पाहून हात जोडेल.

आणि पुढच्या रविवारी गोकुळपेठेत ते दोघे पुन्हा दिसले, तर नमस्कार आधी त्यांच्या आईंना करा. मग तुम्ही कोण, मुलगा कोण, आणि त्यांचा मुलगा तुम्हाला दोघांना काय शिकवतो, हे दोन वाक्यांत सांगा. त्या दिवशी कोण एक मोठा माणूस ओरडून वाकला, हे त्या माऊलीला अजूनही कोणी नीट सांगितले नसेल.